वाढत्या वसाहती आणि प्राथमिक शाळेतील जागा : पुणे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे शहराच्या सीमेवरील गावांचे गेल्या दोन-अडीच दशकांत झालेले रूपांतर सर्वपरिचित आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट करण्यात आली. वाघोली, नऱ्हे, सूस यांसारख्या गावांत समावेशापूर्वीच बहुमजली गृहप्रकल्प उभे राहिले होते. शेजारच्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १० लाख होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. या वाढीची चर्चा पाणी, रस्ते व कचरा यांच्या अनुषंगाने विपुल होते, प्राथमिक शाळेच्या अनुषंगाने मात्र क्वचितच. मराठीत 'जागा' हा शब्द भूखंडासाठीही वापरला जातो आणि वर्गातील प्रवेशासाठीही. या दोन्ही जागा वेळेवर का उपलब्ध होत नाहीत, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अंतर मोजले जाते, क्षमता नाही

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ६ अन्वये परिसरात शाळा स्थापन करण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणावर आहे. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी ही शाळा एक किलोमीटरच्या आत असावी लागते. विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांच्या दृष्टीने हा निकष अत्यंत उपयुक्त आहे. परंतु दाट वसाहतीत तोच निकष दिशाभूल करतो. गावठाणात जिल्हा परिषदेची चार-पाच खोल्यांची जुनी शाळा असली, की एक किलोमीटरच्या परिघात कितीही इमारती उभ्या राहिल्या तरी कागदोपत्री शाळेची सोय पूर्ण झालेली असते.

प्रत्यक्ष गरज किती असते, हे साध्या गणिताने पाहता येईल. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत ५,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा अपेक्षित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात शून्य ते सहा या सात वर्षांच्या वयोगटाचे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. त्याच प्रमाणात पाच इयत्तांचा हिशोब केला, तर ५,००० वस्तीत सुमारे ४२५ मुले येतात. नव्या वसाहतींत तरुण कुटुंबे अधिक असल्याने हा आकडा याहून मोठाच असण्याचा संभव आहे. अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे २०० हून अधिक मुलांसाठी एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत आणि प्रत्येक शिक्षकास एक वर्गखोली असावी. म्हणजे ४२५ मुलांना ११ शिक्षक व ११ खोल्या हव्यात. सुमारे अकराशे-बाराशे सदनिकांचा एकच प्रकल्प एवढी गरज निर्माण करतो.

या मुलांपैकी बरीच खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात, हे खरे. पण त्याच इमारती बांधणाऱ्या मजुरांची, सुरक्षारक्षकांची व घरकाम करणाऱ्या स्त्रियांची मुले कोठे जाणार? २५ टक्के राखीव प्रवेशांची तरतूद त्यांच्यासाठीच आहे. शासकीय वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळांना या तरतुदीतून वगळण्याची नियमदुरुस्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै २०२४ मध्ये रद्द ठरवली. त्या दुरुस्तीतही जवळच्या शाळेत किती जागा शिल्लक आहेत, हा प्रश्न विचारलेला नव्हता.

भूखंड आणि पदे

विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षण असते, परंतु आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालक सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. सीमेवरील गावांत आणखी एक अडचण होती. २०१५ पासून या भागाच्या नियोजनाची सूत्रे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होती, शाळा मात्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत. इमारतीला परवानगी देणाऱ्याकडे शाळा नाही आणि शाळा असणाऱ्याकडे परवानगीचे कागद नाहीत, अशी ही विभागणी होती.

खोल्या मिळाल्या तरी शिक्षक लगेच मिळत नाहीत. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर आधारलेली असते. स्थिर पटाच्या गावात ही पद्धत सोयीची असली, तरी दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात राहावयास आलेल्या कुटुंबांची मुले पुढील सप्टेंबरपर्यंत पदांच्या हिशोबात येत नाहीत. वाढत्या वसाहतीतील शाळा अशा रीतीने सदैव मागील वर्षाच्या शिक्षकसंख्येवर चालते.

पूर्वअंदाजाची साधने

२०११ नंतर २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने या गावांतील नेमक्या वाढीच्या काळाचे आकडेच हाती आले नाहीत. तथापि जनगणनेवाचून अंदाज बांधता येतो. २०१७ पासून गृहप्रकल्पांची नोंदणी महारेराकडे होते. त्यात सदनिकांची संख्या व प्रकल्पपूर्तीची अपेक्षित तारीख दोन्ही उपलब्ध असतात. अर्थात सदनिका घेतलेला प्रत्येकजण तेथे राहावयास येतोच असे नाही, ही मर्यादा लक्षात घ्यावी लागेल. तरीही दोन-तीन वर्षे आधी हाती येणारी दुसरी माहिती आज नाही. दाखलपात्र मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारोदार फिरतात. कुंपण घातलेल्या संकुलात त्यांना प्रवेशद्वारावरच थांबावे लागू शकते. म्हणून नोंदणीकृत सदनिकांचे आकडे, भोगवटा प्रमाणपत्रे आणि अंगणवाड्यांतील पट हे तिन्ही दरवर्षी एकत्र ताडून पाहणे आवश्यक आहे. हे काम महानगरपालिकेचा शिक्षण विभाग व बांधकाम परवानगी विभाग यांना विद्यमान नोंदींच्या आधारे करता येण्यासारखे आहे. भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पकार्य म्हणून महाविद्यालयाच्या परिसरातील एखाद्या गावापुरते ते केले, तरी प्रारंभ होऊ शकेल.