कांजिण्यांची लस : परिचारिकेचा सल्ला

कन्नड भाषेत कांजिण्यांना ‘अम्मा’, म्हणजे आई, म्हणतात. बेंगळूरमधील कित्येक घरांत मुलाला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवून, आई आपणहून जाईल, म्हणून वाट पाहिली जाते. जाणती परिचारिका पाल्यास हरकत घेत नाही. ती आईबापांस एवढेच सांगते, की फोड वाळले तरी विषाणू जात नाहीत. ते मज्जातंतूंत दडून राहतात आणि पुढे उतारवयात नागीण होऊन उठतात. जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली जगापुढे मांडलेल्या लसीने कांजिण्या बहुधा टळतात वा सौम्य होतात. नागिणीचे भयही घटते. मोफत राष्ट्रीय लसीकरणात मात्र ती नाही. पालकांनीच बालरोगतज्ज्ञाकडे चौकशी करावयास हवी. पहिली मात्रा १५ महिन्यांनंतर, दुसरी त्यापुढे किमान ३ महिन्यांनी. टोचल्यावर दोनचार पुटकुळ्या उठल्यास भिण्याचे कारण नाही. तापावर अ‍ॅस्पिरिन तेवढे कदापि देऊ नये.