राउटरवरचा चोर

जानेवारीतली गोष्ट. रात्री अकराला आमच्या फोनवर सूचना आली : 'आपल्या वाय-फायला अनोळखी यंत्र जोडले गेले आहे.' आमचा संशय थेट भिंतीपलीकडे गेला. शेजारच्या बांगलादेशी चाचांचे इंटरनेट बंद पडले तेव्हा आम्हीच त्यांना पासवर्ड दिला होता. त्यांनी तो आणखी कुणाला दिला असणार! दोन दिवस जिन्यात ते भेटले, तरी आम्ही मान खाली घालून पुढे. आमच्या घराची जादा किल्ली मात्र कित्येक वर्षे त्यांच्याचकडे.

शेवटी चिरंजीवांनी राउटरची यादी उघडली. वाय-फायवरच्या प्रत्येक यंत्राला मॅक पत्ता असतो : अंक-अक्षरांच्या सहा जोड्या. एरवी पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते. पण २०१९-२० पासून अँड्रॉइड व आयफोन खरा पत्ता झाकून बनावट पत्ता पुढे करतात. त्याची खूण म्हणजे दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई. आमच्या 'चोरा'च्या पत्त्यात तिथे ई होते. तो निघाला चिरंजीवांचाच फोन! सगळे पुसून त्यांनी तो नव्याने लावला होता, म्हणून पत्ताही नवा.

फोन असे करतात, कारण पत्त्यावरून माणसाचा माग निघतो. २०१६ च्या अखेरीस ट्रान्सपोर्ट फॉर लंडनने ५४ भुयारी स्थानकांवर फोनचे पत्ते सांकेतिक करून टिपले. आपल्या किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला लोक १८ वाटांनी जातात, हे त्यातून कळले.

तेव्हा सभासदहो, सूचना जरूर लावा, पण आधी घरातली यंत्रे मोजा. फोनच्या सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या नावाशेजारी पत्ता सापडतो. टीव्ही-प्रिंटरचा बहुधा चिठ्ठीवर किंवा सेटिंग्जमध्ये. राउटरच्या यादीत प्रत्येकाला नाव द्या : 'आजीचा फोन', 'बैठकीचा टीव्ही'. नाव न लागणारे यंत्र उरले, तर घरातली यंत्रे एकेक बंद करून पाहा. तरीही ते यादीत दिसत राहिले, तर पासवर्ड बदला. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे 'गेस्ट' जाळे ठेवा.

आम्ही तिळगूळ घेऊन चाचांकडे गेलो. दोन दिवस का बोललो नाही, ते सांगायचे धैर्य मात्र अजून झालेले नाही.