वेळेवर दिलेला खो
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी सरते, हलका धान घरी येतो आणि भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. त्यापाठोपाठ शाळांच्या मैदानांवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा उमटतात. केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्या चढत मुले-मुली कबड्डी आणि खो-खो खेळतात. पालक विचारतात, ‘गुरुजी, यातून पोरांना मिळते काय?’ ढाल आणि प्रमाणपत्र तर मिळतेच. पण त्याहून मोठी गोष्ट मिळते. दहा जणांना बरोबर घेऊन चालायची सवय लागते. तिलाच आपण नेतृत्व म्हणतो.

नेता म्हणजे सर्वांच्या पुढे धावणारा, असा आपला समज असतो. खो-खो हा समज खोडून काढतो. शाळेत खेळल्या जाणाऱ्या खो-खोत पाठलाग करणारे नऊ जण असतात. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि एकटा धावतो. धावणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, खांबापर्यंत गेल्याशिवाय दिशाही बदलता येत नाही. गडी पलीकडे निसटला, की कितीही वेगवान खेळाडू हतबल होतो. अशा वेळी बसलेल्या साथीदाराला पाठीमागून ‘खो’ द्यायचा आणि स्वतः त्याच्या जागी बसायचे. हे बसणे ज्याला जमले, त्याला खो-खो कळला.

मला हे एका पराभवाने शिकवले. मी तेव्हा शाळेत खेळ शिकवत असे. तालुक्याच्या सामन्यासाठी मुलींच्या संघात जी सर्वांत चपळ, तिलाच मी कर्णधार केले. ती जीव तोडून धावली. खो द्यायची वेळ आली, तरी ‘मीच गाठते’ म्हणून धावतच राहिली. ती दमली आणि सामना हातचा गेला. परतताना चौथ्या पाटीवर बसणारी एक अबोल मुलगी हळूच म्हणाली, ‘सर, मी त तयारच होती. मले खोच नाही भेटला.’ चूक त्या कर्णधार मुलीची नव्हती, माझी होती. वेग आणि नेतृत्व यांतला फरक मीच ओळखला नव्हता.

त्यानंतर सरावात दर आठवड्याला कर्णधार बदलायचा, असा नियम केला. आपला डाव आखायचा, चुकला तर ‘चूक माझी’ म्हणायचे आणि पंचांचा निर्णय मुकाट्याने मानायचा, ही कामे प्रत्येकीच्या वाट्याला आली. पुढच्या वर्षी त्या अबोल मुलीने संघ सांभाळला. आम्ही जिल्ह्याला हरलो. पण त्या सामन्यात नऊच्या नऊ मुली धावल्या.

कबड्डी दुसरा धडा देते. चढाई करणारा एकटा जातो आणि टाळ्याही त्यालाच पडतात. पण बाद झालेला गडी घरी जात नाही, रेषेबाहेर बसून राहतो. प्रतिस्पर्ध्याचा एक गडी बाद झाला, की आपला एक जण पुन्हा आत येतो, तोही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. माझ्या गुणामुळे माझा साथीदार उठतो, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. ही अर्थातच अभिमानाची गोष्ट आहे. पण आपल्या गावातल्या प्रत्येक मुलीला विश्वचषक खेळायचा नाही. तिला उद्या बचत गटाचा हिशेब मांडायचा आहे, ग्रामसभेत उभे राहून बोलायचे आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरीही काही ठिकाणी सरपंचबाई खुर्चीवर आणि बोलणारे त्यांचे यजमान, असे चित्र दिसते. जागा मिळाली, खो मात्र मिळाला नाही!

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना दोन विनंत्या आहेत. नववी-दहावीत आली म्हणून मुलीचे खेळणे बंद करू नका. नेमके त्याच वयात तिला संघ सांभाळायला मिळतो. आणि सामना सुरू असताना रेषेबाहेरून ओरडून सूचना देऊ नका. काय करायचे ते मुलांना ठरवू द्या. चुकतील, हरतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येतील.

थोडक्यात काय, तर खो द्यायला आपण मोठ्यांनीही शिकले पाहिजे. बसलेली मुले तयारच असतात.