खाडीला सातबारा नसतो

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकीचाच उपयोग होतो. भोवती वस्तीचा असा वेढा की विस्तारास वाव नाही. तेव्हा दुसऱ्या विमानतळाची निकड कोणी नाकारणार नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्याचे उद्घाटनही झाले. प्रश्न आहे तो या निकडीची किंमत कोणी मोजली, हा.

सुमारे ११६० हेक्टरांच्या या प्रकल्पासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदी वळविली गेली, दहा गावे उठली. शेतकऱ्यांना मोबदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड देऊ करण्यात आले. पण ते केवळ शासकीय औदार्य नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण परिसरात पाच जणांनी प्राण गमावले, तेव्हा कोठे साडेबारा टक्क्यांचे तत्त्व सरकारदरबारी रुजले. साडेबावीसचा आकडा त्याच झाडाचे फळ होय.

परंतु या हिशेबाचे माप जमीन हेच आहे. ज्याच्या नावे सातबारा, त्याला भूखंड. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याने, चिखलात खेकडे धरणाऱ्या बाईने कोणता उतारा दाखवावा? भराव पडला, भरतीचे पाणी अडले, की त्यांचे शेत बुडालेच. मात्र ते कोणत्याही दप्तरात नव्हते. विमानतळाच्या नावावरून जेवढे मोर्चे निघाले, त्यांतील निम्मा आग्रह जरी पनवेल खाडीकाठच्या मच्छीमार कुटुंबांच्या गाववार नोंदीसाठी धरला गेला, तरी हे काम अद्याप होऊ शकते.