पांढरा मोदक करडा का उतरतो?

पानात वाढलेला उकडीचा मोदक डोळ्यांना शुभ्र दिसतो. छायाचित्रात मात्र तो मळकट करडा उतरतो. घरच्या काळ्या कुत्र्याचे नेमके उलट होते. त्याची काळीभोर कांती राखाडी येते. दोष कॅमेऱ्याच्या किमतीचा नसतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम उजळ आहे, असे गृहीत धरतो. छायाचित्रकारांचे प्रमाण करडे कार्ड १८ टक्के प्रकाश परावर्तित करते. मापकाचा हिशेबही साधारण त्याच्याच आसपासचा. चौकट पांढऱ्याने भरली की तो प्रकाश घटवतो, काळ्याने भरली की वाढवतो.

उपाय उफराटा वाटला तरी खरा आहे. मोदकासाठी एक्स्पोजर +१ पर्यंत वाढवावे, चौकट व्यापणाऱ्या काळ्या कुत्र्यासाठी तेवढेच कमी करावे. बहुतेक मोबाईलवर विषयावर बोट टेकवून नंतर ते वर-खाली सरकवले की हेच साधते. अर्थात, तोच कुत्रा पांढऱ्या फरशीवर दूर बसला असेल, तर मापक फरशीला भुलतो आणि कुत्र्याचा नुसता काळा डाग होतो. तेथे उजेड वाढवावाच लागतो. दहा-बारा वर्षे घरात वावरलेल्या प्राण्याचे असे डागच कित्येक अल्बमांत उरलेले असतात.

फ्लॅश बंदच बरा. त्याने मोदकाच्या कळ्या सपाट होतात आणि कुत्र्याच्या डोळ्यांमागचा परावर्तक थर भुतासारखा चमकतो. खिडकीतला तिरपा उजेड दोघांनाही मानवतो. कुत्र्याचे तोंड खिडकीकडे असावे, छायाचित्रकाराने जमिनीवर बसावे आणि फोकस डोळ्यांवर ठेवावा. बुबुळात उजेडाचा ठिपका दिसताच बटण दाबावे.