मेट्रोनोम : लयीचा निःपक्षपाती साक्षीदार

पियानो शिकणाऱ्याचा हात सोप्या जागी धावतो आणि अवघड जागी रेंगाळतो. वाजविणाऱ्याच्या कानाला मात्र दोन्ही गती समानच भासतात. ही फसगत उघडी पाडते ते मेट्रोनोम. आम्स्टरडॅमच्या डीट्रिख विंकेल यांनी १८१४ मध्ये दोन वजनांचा लंबक सिद्ध केला. योहान मेल्झेल यांनी त्याला मोजपट्टी जोडून १८१५ मध्ये पेटंट घेतले आणि श्रेय त्यांच्याच पदरी पडले! बीथोव्हेन यांच्या ‘हामरक्लाविअर’ सोनाटावरील १३८ हा आकडा पाहून वादक आजही चक्रावतात.

सरावाचा आरंभ सबंध रचनेपासून नव्हे, अडखळणाऱ्या दोन-चार मापांपासून करावा. ज्या गतीला एकही स्वर चुकत नाही ती, मग मिनिटाला ५० ठोक्यांची का असेना, प्रथम निश्चित करावी. सलग तीनदा निर्दोष वाजल्यावरच लंबकावरील वजन एक खूण खाली सरकवावे. पुढची पायरी खऱ्या कसोटीची. ठोके निम्मे करून ते केवळ पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर घ्यावेत. मधल्या मात्रा आपणच सांभाळायच्या. लहऱ्याच्या साथीने रियाज करणाऱ्या तबलावादकास समेपर्यंतचा हा एकाकी प्रवास परिचित असेल.

यंत्राने वादन यांत्रिक होते, हा आक्षेप जुनाच आहे. परंतु लयीच्या लवचीकतेसाठी ख्यातनाम असलेल्या शोपँ यांच्या पियानोवरही मेट्रोनोम कायम असे, अशी नोंद त्यांचे शिष्य मिकुली यांनी केली आहे. साथ करणारा हात काटेकोर, गाणारा हात मोकळा, अशी त्यांची शिकवण होती.