हिरव्या चहाची खरी कसोटी पाण्यात

जबलपूर : चीनमधील सुट्या पानांचा हिरवा चहा हौसेने आणावा, नेहमीच्या सवयीने आधणात टाकून खळखळ उकळावा आणि पहिल्याच घोटाला तोंड कडू व्हावे, हा अनुभव अनेक मराठी घरांना आता नवा राहिलेला नाही. मग तो पुडा कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात जातो आणि दोष पानाला दिला जातो. वास्तविक तो बहुतेक वेळा पाण्याचा असतो : ते किती तापवले याचा आणि ते कुठून आले याचाही.

आपला रोजचा चहा सीटीसी पद्धतीचा. यंत्रात चुरडून, पूर्ण काळपट होऊ देऊन तयार केलेले हे दाणे दूध, साखर, आले आणि दीर्घ उकळी सहन करण्यासाठीच घडवलेले असतात. हिरव्या चहाचा मार्ग नेमका उलटा आहे. खुडलेले पान काळे पडू नये म्हणून त्याला लगेच उष्णता दिली जाते; पानातील विकरे तिथेच थांबतात आणि हिरवेपणा टिकतो. जपानमध्ये हे काम प्रामुख्याने वाफेने होते, तर चीनमध्ये बहुतांशी तापलेल्या कढईत. हांगचौ परिसरातील लोंगजिंग चहाची पाने कढईत हाताने दाबून चपटी केली जातात. भाजलेल्या चेस्टनटसारखा त्याचा मंद गंध या भाजणीतूनच येतो. च्यांगसू प्रांतातील बिलोचुन गोगलगाईसारखा वळलेला असतो, तर आन्हुईतील ताइफिंग हौक्वेईची पाने बोटापेक्षाही लांब असतात.

अशा पानातील कॅटेचिन द्रव्ये कडवट व तुरट असतात. पाणी जितके गरम, तितकी ती झपाट्याने उतरतात. गोडसर, किंचित रसदार चव देणारी अमिनो आम्ले मात्र कोमट पाण्यातही विरघळतात. म्हणूनच ७५ ते ८० अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांवर उकळते. पण दीड अंशाच्या या सवलतीने पान वाचत नाही. तापमापक नसेल तर सोपा हिशेब असा : तीन भाग उकळत्या पाण्यात एक भाग पिण्याचे साधे पाणी मिसळावे. तापमान ऐंशीच्या आसपास येते. मे महिन्यात माठाबाहेरचे पाणीही गरमच असते, तेव्हा साध्या पाण्याचा भाग थोडा वाढवावा.

दीडशे मिलिलिटर पाण्याला ३ ग्रॅम पाने पुरेशी होतात. चमच्याचे माप येथे फसवते. चपटी, हलकी पाने दोन चमचे भरतील, तर गोळीसारखा वळलेला चहा एका चमच्यातच तेवढा भरेल. दीड ते दोन मिनिटांत पहिला चहा गाळून घ्यावा. तीच पाने आणखी दोन-तीन वेळा, दर वेळी थोडा अधिक अवधी देऊन वापरता येतात. एवढ्या सोयीसाठी किमती चिनी भांडी हवीतच असे नाही. हांगचौमध्ये लोंगजिंग साध्या उंच काचेच्या पेल्यातही पितात. पेला एक तृतीयांश उरला की त्यातच पुन्हा पाणी ओततात.

आता दुसरा प्रश्न, पाणी कुठले? तांग राजवटीच्या काळात, आठव्या शतकात, 'छा जिंग' हा चहावरील ग्रंथ लिहिणाऱ्या लू यू याने डोंगराचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम आणि विहिरीचे कनिष्ठ ठरवले होते. जबलपूरच्या नळांना नर्मदेचे तसेच परियट आणि खंदारी जलाशयांचे पाणी येते, आणि अनेक घरांत जोडीला बोअरचेही असते. शहराजवळील भेडाघाटचे संगमरवरी खडक डोलोमाइटी, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमयुक्त आहेत. अशा खडकांतून झिरपलेले पाणी जड होते. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसत असेल, तर वेगळी चाचणी करण्याची गरज नाही. जड पाण्यात हिरव्या चहाचा रंग मळकट होतो, गंध दबतो आणि कधी कधी वर पातळ साय आल्यासारखी दिसते.

मात्र शुद्धीकरण यंत्रातील जवळजवळ क्षारहीन पाणी घेतले म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नळाच्या, बाटलीबंद व क्षाररहित पाण्यात केलेल्या चहाची तुलना केली. कमी क्षारांच्या पाण्यात हिरव्या चहातील कॅटेचिन अधिक उतरले आणि चहा अधिक कडवट लागला. सामान्य चहाबाजांनी नळाच्या पाण्याचाच चहा पसंत केला. म्हणजे आरोओचे पाणी वापरणाऱ्याने तापमान थोडे उतरवावे वा वेळ कमी करावा, आणि जड पाणी वापरणाऱ्याने गंधाची अपेक्षा मर्यादित ठेवावी. एकाच पुड्यातील पाने दोन पेल्यांत, दोन निरनिराळ्या पाण्यांत शेजारी शेजारी करून पाहिली, तर हा फरक कोणाच्याही जिभेला कळतो.

चव घेताना घोट हवेसह सुरकन ओढावा. आपल्याकडे बशीतून चहा ओढणाऱ्यांना हे शिकवावे लागणार नाही. गंध त्यामुळे नाकापर्यंत पोहोचतो. भिजलेली पानेही हुंगून पाहावीत : पाने अखंड, कोवळी आणि सारख्या आकाराची असणे ही चांगली खूण, तर जुन्या गवतासारखा वास म्हणजे माल शिळा. व्यावसायिक परीक्षक मात्र आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिलिलिटरला २ ग्रॅम चहा उकळत्या पाण्यात तब्बल सहा मिनिटे ठेवतात. त्यांना दोष उघडे पाडायचे असतात. घरी तसे करण्याचे कारण नाही.

पावसाळ्याच्या दमट हवेत हा चहा लवकर खराब होतो. हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवून काही महिन्यांत संपवणे बरे. चिनी माल महाग वाटत असेल, तर हात बसवण्यासाठी हिमाचल प्रदेशातील कांगड्याचा हिरवा चहा चालेल. तेथील मळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चिनी जातीच्या झुडपांपासून उभे राहिले आणि कांगडा चहाला २००५ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

एक सावधगिरी मात्र चवीपलीकडची आहे. चहातील कॅटेचिन व टॅनिनमुळे डाळी, पालेभाज्या व धान्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यामुळे वजन घटवण्याच्या आशेने जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर हिरवा चहा घेण्याची प्रथा अशा स्त्रियांना महागात पडू शकते. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे, आणि लोहाची गोळी सुरू असेल तर ती चहाबरोबर घेऊ नये.